वेंडेलिनला पेलेल तो बर्फ

आमच्या गावात बर्फाची परीक्षा घ्यायला वेंडेलिन होता. वजन एकशे वीस किलो, धंदा बेकरीचा, आवाज बारीक आणि स्वभाव लोण्यासारखा. गावच्या बँडमधला सगळ्यात मोठा पितळी भोंगा तोच वाजवायचा, कारण ते धूड उचलून डोंगर चढेल असा दुसरा कोणी आमच्या खोऱ्यात नव्हता. पण त्याची खरी किंमत कळायची ती हिवाळ्यात. बर्फ बसला की थेट एप्रिलपर्यंत, स्की घेऊन कुठल्या उतारावर जायचं आणि कुठल्या उतारावर पाऊलही ठेवायचं नाही, हे वेंडेलिनच्या उडीवर ठरायचं.

उडी म्हणजे अशी. ज्या मोठ्या उतारावरून जायचं असेल, त्याच्याच शेजारचा, त्याच बाजूला तोंड असलेला, पण कोसळलो तरी हाडं शाबूत राहतील असा एखादा छोटा उतार शोधायचा. तिथं दोन्ही बाजूंनी फावड्यानं चर खणायचे. वरच्या अंगाला गाठी मारलेली दोरी घालायची आणि दोघांनी ती आळीपाळीनं ओढत बर्फ कापायचा. मग दोन खाटा जोडल्यावर होईल एवढा बर्फाचा ठोकळा उतारावर नुसता टेकून उभा राहतो. त्याच्यावर माणसानं स्की घालून वरून अलगद पाय ठेवायचा, मग गुडघे दाबायचे, मग उडी, मग आणखी एक उडी. आतल्या एखाद्या कच्च्या थरावरून ठोकळा सटकला, तर मोठा उतारही सटकणार, मुकाट्यानं घरी जायचं. टिकला तर चला.

त्या दोरीचं एक टोक माझ्या हातात असायचं आणि दुसरं माझ्या नवऱ्याच्या. संसारात आम्ही दोघांनी एकाच दिशेनं कधी ओढलेलं नाही, त्यामुळं आमचा ठोकळा फार सुबक कापला जायचा. मी बुर्गा. चीज करते, आणि तोंडावर बोलते. पहिल्या गोष्टीसाठी लोक माझ्याकडे येतात आणि दुसरीमुळं लवकर परत जातात.

वेंडेलिनच्या आधी उड्या मारायचं काम गावच्या शिंप्याकडे होतं. माणूस भला, पण अंगावर मांस म्हणून नाही. तो नाचून नाचून दमायचा आणि बर्फाला पत्ताही लागायचा नाही. एका वर्षी असाच नाचला, ठोकळा ढिम्म. सगळे खूश होऊन न्याहारीला बसले. वेंडेलिन तेव्हा पंचविशीचा. लोणी फासलेला पाव हातात घेऊन तो बिचारा त्याच ठोकळ्यावर जरासा टेकला. टेकला मात्र, बर्फाच्या पोटातून ‘हुम्म’ असा आवाज आला आणि वेंडेलिन, पाव आणि शिंप्याची टोपी असा सगळा संसार खाली गेला. वेंडेलिन लगेच सापडला. टोपी दुपारी सापडली. पाव जूनमध्ये सापडला.

त्याच दिवशी शिंपी निवृत्त झाला आणि गावात म्हण पडली, की वेंडेलिनला पेलेल तो बर्फ देवालाही पेलेल.

ही म्हण पाडणारा आमचा रोमेडी. शाळेचा मास्तर तोच, बँडपुढे काठी हलवणारा तोच आणि बर्फ समितीचा अध्यक्षही तोच. गावात त्याला सगळे ‘अहो मास्तर’ म्हणतात. पण आमच्याकडची रीत अशी, की झाडं संपली की अहो-जाहो संपतं. शेवटचं झाड मागे पडलं की मास्तरांचा रोमेडी होतो, पाद्रीबाबांनाही ‘अरे, सरक जरा’ म्हणता येतं, आणि खाली उतरताना त्याच झाडापाशी सगळे पुन्हा शहाणे होतात. रोमेडीचा वेंडेलिनवर भरवसा इतका, की सकाळी रेडिओवर इन्सब्रुकहून हिमलोटाचा इशारा लागला तर तो बटण पिळून बंद करायचा.

“रेडिओ उडी मारतो का?” असं विचारायचा. रेडिओ काय बोलणार?

तर असा हा वेंडेलिन सुखात होता. पहाटे पाव भाजायचे, त्यातले थोडे विकायचे, उरलेले खायचे, हिवाळ्यात उड्या मारायच्या आणि सणाला भोंगा फुंकायचा. त्याच्या सुखात माती कालवली ती प्लोनीनं.

प्लोनी म्हणजे आपोलोनिया. वरच्या खिंडीत वाटसरूंची सराई आहे, ती चालवते. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, मूलबाळ नाही. अख्खा हिवाळा ती आणि तिचं मांजर. हसली की खालच्या गोठ्यातल्या गाई वर बघतात इतकं मोठ्यानं हसते. मार्चमध्ये संत योसेफाच्या सणाला सगळं गाव, चढताना मागे घसरू नये म्हणून स्कीच्या तळाला कातडी लावून, बँडसकट खिंडीत चढतं. आमचा वर्षाचा सगळ्यात मोठा दिवस तो. प्लोनी हंडाभर क्नोडल उकडून ठेवते. शिळा पाव आणि खारवलेलं मांस कालवून केलेले ते मुठीएवढे गोळे तिच्यासारखे कुणाला जमत नाहीत. खाऊन झालं की नाच. आणि आमच्या खोऱ्यातल्या नाचात बाईनं दोन्ही हात पुरुषाच्या पाठीमागे नेऊन बोटं गुंफायची असतात. गुंफली तरच नाच सुरू, नाहीतर वाद्यं थांबतात. का, ते मला विचारू नका. आजीपणजीपासून असंच आहे.

एका सणाला, इतक्या वर्षांत पहिल्यांदाच, वेंडेलिननं भोंगा खाली ठेवला आणि प्लोनीपुढे जाऊन उभा राहिला. कान लाल, तोंडातून शब्द नाही. तिला कळलं. तिनं हात पुढे केले, त्याच्या पाठीमागे न्यायला लागली. डावा हात गेला बरगडीपर्यंत, उजवा त्याच्याही अलीकडे. तिनं गाल त्याच्या छातीवर दाबला, चवडे उंचावले, जोर लावला. बोटं काही भेटेनात. बँड वाट बघत उभा. शेवटी ती हसत सुटली.

“अरे, तुझ्याशी नाचायचं म्हणजे डोंगराला मिठी मारायची! हात पोचतील त्या दिवशी ये बाबा.”

सगळे हसले. मीही हसले, हसण्यासारखंच होतं. वेंडेलिनही हसला आणि जाऊन भोंग्यामागे बसला. त्या संध्याकाळी त्यानं एकही क्नोडल खाल्ला नाही, तेव्हाच खरं तर आमच्या लक्षात यायला हवं होतं.

पुढचं सगळं नंतर त्यानंच मला सांगितलं, तेही जेवता जेवता. शरद ऋतूत त्यानं निश्चय केला, पुढच्या योसेफाच्या सणाला प्लोनीची बोटं आपल्या पाठीमागे भेटली पाहिजेत. झालं. कोबीचं पाणी सुरू. बेकरीवाला माणूस, पहाटेपासून ताज्या पावाच्या वासात उभा, आणि पितोय काय तर कोबीचं पाणी! वास सहन होईना म्हणून नाकाला कपड्याचे चिमटे लावून भट्टीपुढे उभा राहायचा. त्या दिवसांत पाव घ्यायला गेलं की हा नाकात बोलायचा. आम्हाला वाटायचं सर्दी आहे.

आणि वजन उतरायला लागलं की हो. पण उतरायला लागल्यावर त्याच्या डोक्यात दुसराच किडा शिरला. आपण बारीक झालो हे रोमेडीला कळलं, तर उडी जाईल. आणि उडी गेली तर आपण कोण? पाव काय, खालच्या गावातूनही आणता येतो. भोंगा काय, कोणीही फुंकेल. पण ‘वेंडेलिनला पेलेल तो बर्फ’ असं ज्याच्या नावानं बोलतात, तो एकच. प्लोनीसाठी बारीक व्हायचं आणि गावासाठी जाडच राहायचं, असा पेच पडला गड्याला. आणि त्यावर त्यानं काय तोड काढावी? दिसायचं तरी जाड! आत एक स्वेटर, त्यावर दुसरा, पोटाशी उशी. जसजसा तो आटत गेला तसतशी उशी मोठी होत गेली. जानेवारीत सोफ्यावरची होती, मार्चपर्यंत पलंगावरची आली.

आम्हा आंधळ्यांना काही दिसलं नाही. त्या हिवाळ्यात वेंडेलिन जिथं उडी मारी तिथला ठोकळा टिके. एकही उतार बंद नाही. रोमेडी छाती फुगवून फिरायचा.

“असा हिवाळा मी आयुष्यात पाहिला नाही, बुर्गाबाई! बर्फ म्हणजे नुसतं पोलाद!”

“आणि भोंग्याचा आवाज का हो इतका बारीक येतोय, मास्तर?” मी विचारलं.

“थंडीनं पितळ आकसतं,” मास्तर म्हणाले. मास्तरच ते, त्यांच्याकडे उत्तर नाही असं होत नाही.

योसेफाचा सण उजाडला. आदल्या आठवड्यात बर्फ पडला होता, वर वारा सुटला होता. फेब्रुवारीतल्या वादळात सराईची टेलिफोनची तार तुटली होती ती तशीच. सकाळी रेडिओनं सांगितलं, खोलवर दाणेदार थर आहे, उंचावरच्या उतारांवर जपून. रोमेडीनं बटण पिळलं. झाडं संपतात तिथं सगळं गाव रांगेत उभं राहिलं, पुढं बासरीवाल्या मुली, मागं बँड, त्यामागं बाकीचे. आम्ही चौघं, म्हणजे रोमेडी, वेंडेलिन, मी आणि माझा नवरा, थोडे वर छोट्या उतारावर गेलो. चर खणले, दोरी ओढली. खाली बघितलं तर चरात शेवटचा हातभर बर्फ साखरेसारखा भुरभुरत होता. मी म्हटलं, “रोमेडी, हे मला बरं दिसत नाही.”

“तुला काय बरं दिसतं कधी?” तो म्हणाला. “वेंडेलिन, चल. मार.”

वेंडेलिननं छातीवर क्रूस काढला, पाय ठेवला. काही नाही. गुडघे दाबले. काही नाही. उडी मारली. पुन्हा मारली. ठोकळा जागच्या जागी.

“पोलाद!” रोमेडी ओरडला आणि त्यानं हिरवा झेंडा उंच केला. खिंडीतून सराईची घंटा वाजली. प्लोनीनं झेंडा पाहिला होता, तिनं हंड्याखाली जाळ केला असणार. खाली रांगेत आरोळी उठली, बासरीवाल्या मुलींनी पहिली पावलं टाकली.

आणि वेंडेलिन ठोकळ्यावरच उभा. तोंड पांढरं. नंतर त्यानं सांगितलं, दुसऱ्या उडीला त्याच्या पायाखाली अगदी बारीक, उसाशासारखं ‘हं’ झालं होतं. वीस वर्षांच्या उड्यांत त्याच्या पायांना ते ‘हं’ पाठ होतं. त्याच्या एकशे वीस किलोखाली त्या ‘हं’नंतर दरवेळी ‘हुम्म’ आलेलं होतं. आज आलं नाही, आणि का आलं नाही ते फक्त त्याला ठाऊक होतं. सगळा हिवाळा त्यानं मनाला समजावलं होतं, की बर्फच चांगला आहे. आता मनानं ऐकायला नकार दिला.

“थांबा!” तो किंचाळला. “थांबवा त्यांना! रोमेडी, झेंडा खाली घे!”

“आता काय? भूक लागली?”

“मी तेवढा नाहीये.”

“केवढा नाहीयेस?”

“दिसतोय तेवढा.”

“कोड्यात काय बोलतोस? सणाच्या दिवशी सकाळीच प्यायलास की काय?” मी खेकसले.

त्यानं कोटाची बटणं सोडली. आत स्वेटर. तो वर केला. आत आणखी एक स्वेटर. तोही वर केला. आत निळ्या फुलांची उशी, दोरीनं करकचून बांधलेली. गाठ सुटेना म्हणून त्यानं हिसका दिला, तशी शिवण टरकली आणि वाऱ्याबरोबर पिसंच पिसं. रोमेडीच्या मिशांत पिसं, माझ्या तोंडात पिसं, खाली बँडवर पिसांचा पाऊस. सगळे माना वर करून बघायला लागले. निदान त्यामुळं रांग तरी थांबली.

“कोंबडीची उशी?” माझ्या नवऱ्यानं विचारलं. त्याला नेहमी नको तेच सुचतं.

“हंसाची,” वेंडेलिन म्हणाला. “आईच्या लग्नातली.” आणि रडायला लागला. उशीच्या मागे जो माणूस उभा होता तो आम्ही कोणी कधी पाहिलेला नव्हता. विजार त्याची आम्ही बघत असतानाच घसरत होती.

“किती उतरवलंस?” रोमेडीनं विचारलं.

“तीसेक.”

“तीसेक काय? तोळे?”

“किलो.”

“एक अख्खी मेंढी गेली!” खालून कोणीतरी ओरडलं.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. “अरे गाढवा! बेकरीवाला ना तू? दुकानात पिठाची पोती पडलीयेत. उशी कशाला भरलीस? पीठ भरायचंस कोटात! दिसायलाही जाड दिसला असतास आणि वजनही भरलं असतं!”

त्यानं डोळे पुसले आणि माझ्याकडे खरंच समजूत घातल्यासारखं बघितलं. “पीठ जड असतं गं, बुर्गा.”



रोमेडी मटकन बर्फात बसला. तो मनातल्या मनात मागचा सगळा हिवाळा उलटा मोजत होता. ख्रिसमसची फेरी, शाळेची सहल, पाद्रीबाबांची मिरवणूक, एकेक उतार. त्याच्या तोंडचं पाणी पळालं. मग तो उठला आणि बोट नाचवत म्हणाला, “तू समितीतून बडतर्फ! आजपासून! आत्तापासून!”

“कर,” वेंडेलिन म्हणाला, एका हातानं विजार धरून. “पण आधी मला एकशे वीस किलो कर आणि दुसरा ठोकळा काप.”

मग आम्ही दुसरा ठोकळा कापला आणि वेंडेलिनला भरायला घेतलं. सणाला न्यायचं सामान होतंच. पाठीवर माझं चीजचं सगळ्यात मोठं चाक. गळ्यात भोंगा. एका खांद्याला सॉसेजांची माळ, दुसऱ्या खांद्याला फळांच्या दारूचं छोटं पिंप. ढोलवाल्यानं ढोल आणला, तो कुठं अडकवावा हे कळेना म्हणून पोटावर, उशीच्या जागी, बांधला. ख्रिसमसचं झाडही कोणी इतकं लादत नाही. त्याला चौघांनी धरून ठोकळ्याच्या वर नेऊन उभं केलं.

“मार उडी!” रोमेडी म्हणाला.

त्यानं उडी मारलीच नाही. त्यानं डावा पाय ठेवला आणि उजवा उचलला, एवढंच. बर्फाच्या पोटातून ‘हुम्म’ आलं, आणि अख्खा ठोकळा तळापासून सुटून, आरशावरून ताट घसरावं तसा गेला. वेंडेलिन त्याच्यावर बसून खाली. ढोल वाजला, चीजचं चाक त्याला मागे टाकून पुढे गेलं, आणि शेवटी सगळं थांबलं तेव्हा भोंगा त्याच्या डोक्यात बसलेला होता आणि आतून बारीक आवाज येत होता.

“झेंडा बदल रे, रोमेडी.”

त्याला भोंग्यातून काढायला दोन माणसं लागली. एकही माणूस हसत नव्हता. बासरीवाल्या मुलींच्या आया त्यांना घट्ट धरून उभ्या होत्या.

रोमेडीनं लाल झेंडा चढवला, पण तोवर खिंडीवरून ढग उतरला होता. वरचं काही दिसेना. घंटाही वाजेना. प्लोनीला हिरव्या झेंड्याच्या पुढचं काहीच माहीत नव्हतं. तिच्या हिशेबानं आम्ही उतारावर होतो.

“भोंगा वाजवतो,” वेंडेलिन म्हणाला. “तिला ऐकू जाईल. आपण इथंच आहोत हे कळेल.” आणि त्यानं फुंकला, छाती फुटेस्तोवर. आता तुम्हीच सांगा, सणाच्या दिवशी ढगातून भोंगा ऐकू आला तर माणूस काय समजेल? आला बँड, असंच ना? तिनं उत्तराला घंटा वाजवली, खुशीत, लांबलचक.

“झालं!” मी म्हटलं. “आता आणखी चार पानं वाढून ठेवेल.”

आम्ही झाडांच्या हद्दीत खाली येऊन बसलो. घरी जायला वेंडेलिन तयार नव्हता. ढग उठू दे, तिला लाल झेंडा दिसू दे, मग जा, म्हणाला. त्याला एकटं सोडून कसं जायचं, म्हणून सगळेच थांबले. कोणी त्याच्याशी बोलेना. बडतर्फ माणूस तो, एका ओंडक्यावर विजार धरून बसलेला.

दुपारी ऊन तापलं, ढग विरायला लागला, आणि उतार सुटला.

कोणी हात लावला नाही, कोणी पाऊल ठेवलं नाही. आधी तो आवाज आला, या वेळी जमिनीतून आणि आमच्या बुडाखालून. मग खिंडीच्या खालचा सगळा पांढरा उतार, आम्ही दरवर्षी ज्याच्यावरून वाजतगाजत जातो तो, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चिरला आणि खाली आला. धुरळा आमच्यापर्यंत पोचला आणि आम्ही सगळे पिठात लोळल्यासारखे झालो. तो खाली बसला तेव्हा मागे नुसती खडबडीत राड होती आणि आमची नेहमीची वाट कुठंच नव्हती.

आयांनी मुलींना मोजलं. मग पुन्हा मोजलं. मग रोमेडी उठला. त्याच्या बायकोनं घरून डब्यात दोन क्नोडल दिले होते, प्लोनीकडे पोचेपर्यंत भूक लागली तर म्हणून. तो डबा घेऊन तो वेंडेलिनपुढे जाऊन उभा राहिला.

“खा,” तो म्हणाला.

वेंडेलिननं वर बघितलं. “मास्तर, मी बडतर्फ आहे ना?”

“खा म्हटलं ना! उद्यापासून उड्या मारायच्यात तुला.” मास्तरांचा आवाज फुटला. मी त्यांना चाळीस वर्षं ओळखते, त्यांचा आवाज कधी फुटला नव्हता.

मग जो तो उठला. कोणी पाव आणला, कोणी सॉसेज. बासरीवाल्या मुलींनी आपापली बिस्किटं आणली. माझ्या नवऱ्यानं चीजचं चाक शोधून आणलं होतं, मी त्याचा जाड तुकडा कापला. वेंडेलिन सगळं तोंडात कोंबत होता आणि डोळ्यांतून धारा लागलेल्या. कित्येक महिन्यांचा कोबी एका बैठकीत धुऊन काढत होता तो.

तेवढ्यात खडकांच्या धारेवरून, जिथं वाऱ्यानं बर्फ टिकत नाही तिथून, कोणीतरी धडपडत खाली येताना दिसलं. प्लोनी! डोक्याला रुमाल नाही, एका हातात हातमोजा आणि दुसऱ्यात क्नोडल काढायचा झारा. झाडांत शिरली ती थेट आमच्यात. तिनं आधी मुली बघितल्या, मग प्रत्येकाला धरून तोंड बघायला लागली. मला धरलं, सोडलं. रोमेडीला धरलं, सोडलं. वेंडेलिनपुढे आली, त्याला दंडाला धरून हलवलं.

“अहो पाहुणे, तुम्ही यांच्यातच होता ना? आमचा जाड्या कुठंय? वेंडेलिन! भोंगेवाला! मी भोंगा ऐकला त्याचा वर. वाजत होता आणि मग एकदम थांबला.”

वेंडेलिनच्या तोंडात अख्खा क्नोडल. “म्म,” तो म्हणाला.

“तो दिसत नाहीये यांच्यात! एवढा मोठा माणूस, तो काय दिसल्याशिवाय राहील?” “मी वर्षभर त्याची वाट बघतेय हो. उगाच बोलले मी. मला हसायची वाईट खोड आहे. डोंगरच बरा होता, मला डोंगरच हवा होता...”

आम्ही कोणी काही बोललो नाही. मीसुद्धा नाही, म्हणजे बघा.

वेंडेलिननं तो क्नोडल कसाबसा गिळला. त्याला बोलायचं होतं, पण शब्द निघेना, कान लाल झाले. ते कान बघून प्लोनी थांबली. तिनं त्याच्या तोंडाकडे नीट बघितलं. मग हातातल्या झाऱ्यानं त्याच्या डोक्यात एक ठेवून दिली.

“अरे मेल्या!” अहो-जाहोच्या हद्दीत, झाडांतच ओरडली ती, रीतभात गेली चुलीत. “हाडं केलीस की रे! कोणी सांगितलं होतं तुला?”

“तूच,” वेंडेलिन म्हणाला.

तिनं झारा टाकला आणि दोन्ही हात त्याच्या पाठीमागे नेले. बोटं भेटली. गुंफली गेली, आणि तरी थोडा हात उरला. रोमेडीनं सवयीनं काठी उचलली आणि बँडनं सूर धरला, भोंग्याशिवाय, कारण भोंगेवाला नाचत होता. त्याची विजार शेवटी पडलीच, पण प्लोनीनं हात सोडले नाहीत आणि आम्ही सभ्यपणे डोंगराकडे बघत राहिलो.

वेंडेलिन अजूनही गावासाठी उडी मारतो. फक्त आता उडीच्या आधी त्याला बेकरीतल्या पिठाच्या काट्यावर, अंगावरच्या गंजीफ्रॉकनिशी, सगळ्यांसमोर तोलतात. मोजे काढायचे की नाहीत यावर दरवेळी भांडण होतं. आणि सकाळचा रेडिओ रोमेडी आता शेवटपर्यंत ऐकतो, पिळत नाही.

लग्न त्याच वर्षी झालं. तिच्या हातचे क्नोडल खाऊन वेंडेलिन दुसऱ्या हिवाळ्यातच पुन्हा एकशे वीसवर गेला, आता जरा वरच आहे. प्लोनीचे हात काही पोचत नाहीत. मी तिला एकदा विचारलं, आता गं काय करतेस?

“त्यात काय,” ती म्हणाली. “एकदा पुढून मिठी मारते, एकदा मागून.”